पावसात कामाकुरा, ट्रेनने आणि एकटीने

जूनमध्ये जपानला जाऊ नकोस असं जो तो सांगत होता, आणि त्यात चूक काहीच नाही, तेव्हा तिकडे त्सुयु असतो म्हणजे त्यांचा पावसाळा, टोकियोच्या बाजूला साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत पिरपिर चालू राहते. पण ऑफिसचं काम आपल्याला विचारून येत नाही ना. काम संपलं, परतीच्या फ्लाइटच्या आधी एक अख्खा दिवस मोकळा मिळाला, तोही आठवड्याच्या मधला, आणि अ‍ॅप उघडून बघते तर सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत रांगेने छत्र्याच छत्र्या. मूळ बेत हाकोनेला जाऊन फुजी बघायचा होता. अशा हवेत फुजी दिसत नाही, ढगात असतो, आणि पाच-सहा हजार येन घालवून पांढरं धुकं बघायला मला काही उत्साह नव्हता.

मग कामाकुरा ठरवलं. कारण सरळ होतं. तिथे जून म्हणजे हायड्रेंजाचा महिना, जपानीत अजिसाई, आणि हे फूल पावसातच बघायचं असतं, उन्हात दुपारपर्यंत मान टाकतं बिचारं. दुसरं म्हणजे सगळं ट्रेनच्या रेषेवर आहे, स्टेशनला उतरा, पाच-दहा मिनिटं चाला, बघा, परत स्टेशनात या. पाऊस वाढला तर डब्यात बसून राहा. एकटीने जाण्याचा हा मोठा फायदा, कुठे उतरायचं, कुठे नाही, यावर कुणाशी चर्चा करायची नाही आणि कुणाचं तोंड उतरलेलं बघायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कामाकुरा टोकियोच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर. मिनामोतो नो योरितोमोने बाराव्या शतकाच्या शेवटी इथून राज्य चालवायला सुरुवात केली, 1192 मध्ये तो शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश झाला, आणि 1333 पर्यंत देशाची खरी सत्ता इथेच होती, क्योतोत सम्राट नावापुरता. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला समुद्र. आपल्याकडचा कुठलाही गडकरी बघून खूश होईल अशी जागा. त्या डोंगरांच्या घळीघळीतून झेन देवळं बांधलेली आहेत.

आता तयारीचं सांगते कारण यावरच दिवस तरतो. पुण्याहून रेनकोट नेला होता तो हॉटेलातच ठेवला. जूनमध्ये तिकडे दमट उकाडा असतो, रेनकोटात आतून घामाने भिजता, बाहेरून पावसाने, फरक काहीच नाही. कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे छोट्या जनरल स्टोअरमधून, ती पारदर्शक प्लास्टिकची छत्री घेतली, सातशे येनच्या आसपास, मोठी आणि हलकी, आणि आतून समोरचं सगळं दिसतं त्यामुळे गर्दीत कुणाच्या डोळ्यात काडी जात नाही. आणि मोज्यांचे जास्तीचे जोड. हे लिहून ठेवा. देवळात जिथे आत जायचं तिथे बूट काढावे लागतात आणि ओल्या मोज्याने तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटईवर, पाय ठेवताना स्वतःचीच लाज वाटते. सुटे पैसेही हवेत, बऱ्याच देवळांच्या खिडकीवर कॅशच चालते.

टोकियो स्टेशनवर योकोसुका लाईनचा प्लॅटफॉर्म जमिनीखाली पार खोलवर आहे, एस्कलेटर उतरत राहा, उतरत राहा, मध्येच वाटतं आपण पाताळात निघालो. वरून धो धो पडत असतं तर तिथे पत्ताही लागला नसता. सकाळची गर्दी टोकियोच्या दिशेने येणारी, मी उलटी जाणारी, त्यामुळे शिनागावा गेल्यावर बसायला मिळालं. समोर एक साठी उलटलेल्या बाई बसल्या. त्यांनी चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच छत्री दोनदा झटकली होती. बसल्यावर तिच्या एकेक पाकळीची घडी बोटांनी सरळ करून एकाच दिशेला गुंडाळली, पट्टी लावली, पर्समधून छत्रीचं लांब कव्हर काढलं, त्यात सरकवली आणि मग छोट्या टॉवेलने स्वतःची बोटं पुसली. सगळं मिळून अर्धा मिनिट. त्यांच्या पायाशी पाण्याचा एक थेंब नव्हता. माझ्या पायाशी तळं. मग मीही त्यांचं बघून निदान पट्टी तरी लावली.

पाऊण तासाच्या वर जरा वेळ आणि किता-कामाकुरा आलं. लांबलचक पंधरा डब्यांची गाडी आणि स्टेशन मात्र एवढुसं, अरुंद प्लॅटफॉर्म, बाजूला झाडी, डोंगर अंगावर आलेला. 1927 मध्ये हा उन्हाळ्यापुरता तात्पुरता थांबा म्हणून चालू झाला आणि 1930 मध्ये कायमचं स्टेशन झालं, त्याचा आकार अजून तात्पुरताच आहे म्हणा. सगळे उतरणारे एकाच अरुंद वाटेने बाहेर निघतात आणि सगळ्यांच्या हातात छत्र्या, त्यामुळे ओळ मुंगीच्या पावलांनी सरकते, पण कुणी ढकलत नाही.

स्टेशनच्या दारातच एन्गाकु-जी हे झेन देऊळ आहे पण मी आधी मेइगेत्सु-इनला गेले. हे छोटं देऊळ, अजिसाईचं देऊळ म्हणूनच ओळखतात, आणि उशीर केला की रांग रस्त्यापर्यंत येते. जूनमध्ये सकाळी साडेआठला उघडतं. स्टेशनपासून दहा मिनिटं, ओढ्याच्या कडेने, आणि तो ओढा त्या दिवशी चांगलाच आवाज करत होता.

आत दगडी पायऱ्यांची एक चढण आहे आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या खांद्यापर्यंत निळं. फक्त निळं. बाकी जगात हायड्रेंजा गुलाबी, जांभळा, पांढरा सगळा असतो पण इथे जवळजवळ सगळी झाडं हिमे-अजिसाई नावाच्या जुन्या जातीची, अडीच हजारांच्या आसपास. युद्धानंतर वाटेच्या कडेला लावायला खुंट मिळेनात म्हणून ही झुडपं लावली असं सांगतात, ती आता देवळापेक्षा प्रसिद्ध झाली. रंगाचं कारण मातीत आहे. माती आम्लधर्मी असली की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून झाडात चढतं आणि फूल निळं होतं, अल्कलीकडे झुकली की गुलाबी. जपानात पाऊस भरपूर, मातीतला चुना धुऊन जातो, म्हणून निळ्याचं राज्य. जूनच्या सुरुवातीला फिकट असतं आणि आठवड्यागणिक गडद होत जातं, मी गेले तेव्हा मधला टप्पा होता, शाई सांडून पाण्याने पसरवली तर कडेला जो रंग राहतो तो.

पाऊस तेव्हा रिपरिप होता. पाकळ्यांवर पाणी साचतं आणि गुच्छ जड होऊन वाटेवर वाकतात, सगळे जण त्यांना न लागता जायचं म्हणून तिरके तिरके चालत होते, छत्री वर उचलून. एक दगडी जिझो, म्हणजे बोधिसत्त्वाची मूर्ती, आहे, हातात फुलांचा गुच्छ धरलेला, त्या दिवशी अर्थातच अजिसाईचा. मुख्य दालनात ती गोल खिडकी, पलीकडे हिरवी बाग दिसते, तिच्यासमोर फोटोची रांग. मी रांगेत उभी राहिले नाही. बाजूने वाकून बघितली, दिसली, झालं. फोटो काढायला वीस मिनिटं उभं राहायचं आणि खिडकीसमोर वीस सेकंद मिळणार, हा हिशोब मला जमत नाही.

परत स्टेशनकडे येऊन एन्गाकु-जी. याची गंमत अशी की रेल्वेच देवळाच्या आवारातून गेली आहे. योकोसुकाला नौदलाचा तळ होता, त्यासाठी 1889 मध्ये घाईने लाईन टाकली आणि ती सरळ देवळाच्या पुढच्या अंगणातून काढली. देवळाचं तळं रुळांच्या एका बाजूला आणि पायऱ्या दुसऱ्या बाजूला. फाटक ओलांडून देवळात शिरायचं. मी शिरत असतानाच घंटी वाजली, फाटक पडलं आणि पायऱ्यांखालून पंधरा डबे खडखडत गेले, मागे सातशे वर्षं जुनं झेन देऊळ, आणि माझ्या शेजारी उभा असलेला एक शाळकरी मुलगा डबे मोजत होता.

हे देऊळ 1282 चं. तेव्हाचा इथला खरा सत्ताधीश होजो तोकिमुने याने बांधलं. 1274 आणि 1281 असे दोनदा मंगोल चालून आले होते, त्या लढायांत जे मेले त्यांच्यासाठी, आणि मेले म्हणजे दोन्ही बाजूंचे. ही गोष्ट मला फार आवडली. पहिला महंत चिनी भिक्षू, मुगाकु सोगेन. आत सगळं उंच देवदारांत आहे आणि पावसात त्या झाडांचा मोठा आधार मिळतो, खाली फक्त टपटप. पायऱ्या चढून 1301 ची घंटा बघायला गेले, अडीच मीटरपेक्षा उंच, कामाकुरातली सगळ्यात मोठी. हवा चांगली असेल तर तिथून फुजी दिसतो म्हणतात. मला समोरची झाडंही नीट दिसत नव्हती. पण घंटेच्या छपराखाली कोरडं होतं, मी एकटीच होते, मोजे बदलले.

पुढे केन्चो-जी आहे, 1253 चं, कामाकुराच्या पाच मोठ्या झेन देवळांत पहिला मान त्याचा. चालत जाता येतं पण रस्त्याला फूटपाथ नावापुरता आहे आणि गाड्या पाणी उडवत जातात. तेवढ्यात पाऊसही वाढला, मग सोडून दिलं. कामाकुरा स्टेशनला एका स्टेशनाची ट्रेन पकडली, तीन मिनिटं. त्सुरुगाओका हाचिमान-गू पण सोडलं, म्हणजे योरितोमोचं मुख्य देवस्थान, जिथे 1219 मध्ये त्याच्या मुलाचा, तिसऱ्या शोगुनचा खून झाला, ज्या पायऱ्यांशेजारचा प्रचंड गिंको 2010 च्या वादळात पडला. कामाकुराला जाऊन हे बघितलं नाही म्हटल्यावर लोक तोंडात बोट घालतात. पण लांब उघडा रस्ता आहे, छपराचा पत्ता नाही, आणि माझं मत असं की पावसाच्या दिवशी यादी घेऊन फिरू नये, लाईन घेऊन फिरावं. लाईनीपासून लांब जे असेल ते सोडून द्यायचं आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

आणि लाईन म्हणजे एनोदेन. पूर्ण नाव एनोशिमा इलेक्ट्रिक रेल्वे, कामाकुरा ते फुजिसावा फक्त 10 किलोमीटर, 15 स्टेशनं, सबंध प्रवास 34 मिनिटांचा. पहिला तुकडा 1902 मध्ये सुरू झाला, कामाकुरापर्यंत 1910 मध्ये पोचली. सिंगल ट्रॅक आहे, त्यामुळे गाड्या साधारण 14 मिनिटांनीच येतात, जास्त आणताच येत नाहीत. शनिवार-रविवारी अजिसाईच्या दिवसांत स्टेशनच्या बाहेर रांग लागते. आठवड्याच्या मधल्या पावसाळी दिवशी मला पहिल्याच गाडीत जागा मिळाली, ड्रायव्हरच्या केबिनमागे, काचेला नाक लावून. दिवसाचा पास 800 येनचा आहे पण माझ्यासारखं दोन-तीनदाच चढायचं-उतरायचं असेल तर फिटत नाही, सुईका म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, ते टेकवा आणि चला.

हासे तिसरं स्टेशन, पाच मिनिटं. इथे दोन गोष्टी आहेत, हासे-देरा नावाचं देऊळ आणि मोठा बुद्ध. क्रम महत्त्वाचा. आधी हासे-देराला जायचं कारण तिथल्या अजिसाईच्या वाटेसाठी सीझनमध्ये वेगळं तिकीट असतं आणि त्यावर वेळ असते. माझी वेळ तासाभराने होती. खिडकीतल्या मुलीने नकाशावर बोट ठेवून बुद्ध दाखवला, मग घड्याळ दाखवलं, मग पुन्हा इथे. मला वाटतं ती दिवसभर हेच करत असणार.

मग बुद्ध. कोतोकु-इन नावाच्या देवळातला, दहा मिनिटांवर. ब्राँझचा, 1252 च्या सुमारास ओतायला सुरुवात झाली, मूर्ती 11.3 मीटर उंच, वजन 121 टन. अमिताभ बुद्ध. आधी याच्याभोवती लाकडी दालन होतं, वादळांनी पाडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा पडलं, आणि पंधराव्या शतकाच्या शेवटापासून मूर्ती उघड्यावरच बसलेली आहे. म्हणजे मी छत्री सांभाळत, चष्मा पुसत उभी, आणि हा पाचशेहून जास्त त्सुयु काढून समोर निवांत. पावसाचं पाणी केसांच्या गाठींमधून वाट काढत कपाळावर येतं, नाकाच्या बाजूने उतरतं, हनुवटीवरून मांडीतल्या हातांवर पडतं. वर्षानुवर्षं तेच चालल्यामुळे गालांवर फिकट हिरव्या रेघा उमटल्या आहेत. उन्हातल्या फोटोंत हे कधी लक्षात आलं नव्हतं. ओलं झालं की ब्राँझ काळपट होतं आणि रेघा उठून दिसतात.

मूर्तीच्या पोटात जाता येतं, 50 येन. आत अंधार, ओलसर, अरुंद जिना, एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. पण आवर्जून जा. बाहेरून जी एकसंध वाटते ती मूर्ती किती तुकड्यांत ओतली आहे ते आतून कळतं, थरांच्या आडव्या-उभ्या शिवणी दिसतात, आणि मान कुठे सुरू होते तिथे वेगळाच थर दिसतो. 1960-61 च्या दुरुस्तीत मानेला आतून फायबर प्लास्टिकने मजबुती दिली आणि भूकंपात मूर्ती हलली तर सरकू शकावी म्हणून खाली स्टेनलेस स्टीलचा पत्रा घातला. वर पावसाचा आवाज येत होता, पोकळ ब्राँझवर पडणारा, बारीक पण भरीव. तिथे उभी असलेली एक फ्रेंच आजी डोळे मिटून ऐकत होती आणि तिचा नवरा बाहेर चला म्हणून खुणा करत होता.

आवारात बाजूला एक दगड आहे, बरेच लोक त्याकडे बघतही नाहीत. श्रीलंकेचे, म्हणजे तेव्हाच्या सिलोनचे, अर्थमंत्री जयवर्धने यांच्या स्मरणाचा. 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत, जपानकडून किती भरपाई घ्यायची यावर सगळे बोलत असताना, त्यांनी सिलोनतर्फे भरपाईवर पाणी सोडलं आणि धम्मपदातलं वचन सांगितलं, वैराने वैर शमत नाही, अवैरानेच शमतं. भारत त्या परिषदेला गेलाच नव्हता, आपण 1952 मध्ये जपानशी वेगळा करार केला आणि भरपाई आपणही मागितली नाही. लहानपणी बुद्धजयंतीला ज्या वचनाची पाली ओळ लाऊडस्पीकरवर ऐकली ती कामाकुरात दगडावर भेटली, त्याच्यावर पाणी ओघळत होतं, मी ओढणीने पुसून वाचलं.

हासे-देराला परत आले तोवर माझी वेळ झाली होती. मुख्य दालनात कान्नोन आहे, म्हणजे करुणेची बोधिसत्त्व, अकरा मुखांची, लाकडी, नऊ मीटरहून उंच, सोनेरी मुलामा. गोष्ट अशी सांगतात की आठव्या शतकात एका भिक्षूने एकाच कापराच्या झाडातून दोन मूर्ती कोरल्या, एक नाराजवळच्या हासे-देरात ठेवली आणि दुसरी समुद्रात सोडली, जिथे लागेल तिथल्या लोकांचं भलं कर म्हणून, आणि ती पंधरा वर्षांनी या किनाऱ्यावर लागली. फोटोला बंदी. बरंच झालं, लोक मान वर करून नुसते बघत होते.

अजिसाईची वाट डोंगराच्या कडेने वर जाते आणि इथे मेइगेत्सु-इनच्या उलट कारभार, चाळीसहून जास्त जाती, निळे, जांभळे, गुलाबी, पांढरे, काही तर ताऱ्यांच्या आकाराचे. वाट एकेरी, माणूस मागे माणूस, आणि मधे कुणी सेल्फीसाठी थांबलं की सगळी ओळ थांबते. खरं सांगू, मला मेइगेत्सु-इन जास्त आवडलं. इथे सगळं एकदम आणि खूप आहे, प्रदर्शनात आल्याचा भास होतो. पण वरच्या वळणावर फुलांच्या मागे खाली कौलं आणि त्यापलीकडे युइगाहामाचा समुद्र, करड्यावर करडा, तेवढ्यासाठी चढण वसूल.

खाली गुहा आहे, बेंझाइतेनची. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचली, वीणेऐवजी हातात बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं. छत इतकं बुटकं की माझ्यासारख्या पाच फुटीलाही वाकावं लागतं, भिंतीत देवीच्या मुलांच्या मूर्ती कोरलेल्या, मेणबत्त्या, आणि पूर्ण कोरडं! मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ भक्तिभावाने उभी राहिले.

दुपारी दीडच्या आसपास पुन्हा एनोदेन, आता एनोशिमाकडे. हा तुकडा सगळ्यात सुंदर, आणि यासाठी उजवी-डावी बघून बसा, समुद्र डाव्या हाताला येतो. हासेच्या पुढे गोर्यो-जिंजा म्हणून देऊळ आहे, रूळ त्याच्या तोरीच्या म्हणजे कमानीच्या अगदी समोरून जातात, कडेला अजिसाई, आणि तिथे छत्र्या घेतलेले फोटोवाले कोंडाळं करून उभे. मग एक विटांचा बोगदा, 1907 चा, म्हणजे आपली माथेरानची राणी ज्या वर्षी सुरू झाली त्याच वर्षीचा. बोगद्याबाहेर गोकुराकु-जी स्टेशन. नंतर गाडी लोकांच्या परसदारातून जाते म्हणजे शब्दशः, वाळत घातलेले कपडे नाहीत एवढंच, पाऊस होता ना. खिडक्यांवर वाफ धरली होती, मी रुमालाने एक गोल पुसून ठेवला होता आणि शेजारच्या शाळेच्या मुलीही त्यांचे गोल पुसत होत्या.

इनामुरागासाकी गेलं आणि एकदम समुद्र. रूळ, रस्ता, मग लगेच लाटा. शिचिरिगाहामानंतर गाडी मधेच थांबली, स्टेशन नाही काही नाही. मिनेगाहारा नावाची क्रॉसिंगची जागा आहे, सिंगल ट्रॅक असल्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत इथे थांबावं लागतं. दार उघडत नाही. मोटरचा आवाज थांबला, वायपर चालू राहिला, ड्रायव्हरने पांढऱ्या हातमोज्याचं बोट सिग्नलकडे केलं आणि मोठ्याने काहीतरी म्हणाला, एकटाच, स्वतःला. अशी बोट दाखवून बोलायची पद्धत तिथल्या सगळ्या रेल्वेत आहे, डोळा, हात आणि तोंड एकाच वेळी कामाला लावलं की चूक होत नाही म्हणून. समोरून हिरवी-पिवळी गाडी आली, डुलत, बाजूने गेली, आणि याने पुन्हा बोट दाखवलं, पुन्हा बोलला, आणि निघालो. लोणावळा घाटात सिग्नलला गाडी थांबली की आपण वैतागतो, इथे मला ती अजून थांबली असती तर चाललं असतं.

कामाकुराकोकोमाए स्टेशनजवळचं फाटक एका गाजलेल्या बास्केटबॉल अ‍ॅनिमेमुळे इतकं प्रसिद्ध आहे की भर पावसातही तिथे तीसेक माणसं कॅमेरे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उभी होती. मी उतरले नाही. कोशिगोए स्टेशनचा प्लॅटफॉर्म इतका आखूड की चार डब्यांपैकी एका डब्याची दारं तिथे उघडतच नाहीत, आणि त्यापुढे तर गाडी सरळ रस्त्यावर उतरते. कार, स्कूटर, छत्रीवाली माणसं आणि मधून ट्रेन! गाड्या आपोआप कडेला होतात, हॉर्नची गरज पडत नाही.

एनोशिमा स्टेशनजवळ जेवले. या किनाऱ्याची खासियत शिरासू, म्हणजे सार्डिन-अँचोव्हीची अगदी बारीक पिल्लं, दिसायला आपल्या जवळ्याच्या जवळपास पण चव कितीतरी सौम्य. दारावर पाटी होती की आज कच्चं शिरासू नाही. समुद्र खवळला की होड्या जात नाहीत आणि कच्चं त्याच दिवशीचंच द्यायचं असतं, त्यामुळे पावसाळी दिवशी उकडलेलं. गरम भातावर पांढरा ढीग, वर किसलेलं आलं, कांद्याची पात, थोडा सोया. कच्च्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, पण ओल्या कपड्यांत काकडलेल्या माणसाला गरम भातावरचं उकडलेलंच पाहिजे असतं. सोबत मिसो सूप होतं, ते मी दोन्ही हातांनी धरून बसले. काउंटरवर एकटीने बसण्यात तिथे काही विशेष नाही, माझ्या दोन्ही बाजूंना एकएकटेच होते.

एनोशिमा हे बेट आहे, पूल चालून जायचं. तिथेही बेंझाइतेन आहे, देशातल्या तीन मोठ्या बेंझाइतेन स्थानांपैकी एक, वर दीपगृह, पलीकडे गुहा. पुलाच्या सुरुवातीपर्यंत गेले. वारा समोरून, पाऊस आडवा, पुलावर एक बाप दोन मुलींना छत्रीमागे घेऊन उलटा चालत येत होता. लाटा मोठ्या असल्या की गुहाही बंद ठेवतात. मी मागे फिरले.

परतीला मात्र जे केलं ते आयत्या वेळी सुचलं आणि दिवसातला तोच सगळ्यात मजेचा भाग निघाला. एनोदेनने परत न जाता शोनान मोनोरेल घेतली, शोनान-एनोशिमा ते ओफुना, 6.6 किलोमीटर, 14 मिनिटं. ही मोनोरेल रुळावर बसत नाही, रुळाला लटकते. 1970 मध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी एनोशिमापर्यंत आली. स्टेशन पाचव्या मजल्याच्या उंचीवर. वर लोखंडी पोकळ पेटीसारखी तुळई आहे, रबरी टायर तिच्या आत धावतात, डबा खाली टांगलेला. त्यामुळे कितीही पाऊस पडो, टायर आणि त्यांची धाव कोरडीच. हे मला इतकं पटलं की मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहून वाकून वाकून तुळईच्या खालच्या फटीत बघत होते, शेवटी स्टेशनवाल्या काकांनी अदबीने पिवळ्या रेषेच्या मागे बोलावलं.

आणि वेग! वाटलं होतं लटकती म्हणजे हळू जाईल. वळणावर डबा बाहेर झुलतो, डोंगरातून बोगद्यात शिरतो, खाली रस्त्यावर छत्र्यांची डोकी आणि बसचे टप दिसतात, पायाखाली रूळ नसल्यामुळे पोटात गोळा येतो. ऑफिसमधून घरी जाणारे लोक मात्र झोपलेले. जेआर म्हणजे जपान रेल्वे, तिचा पास असला तरी इथे चालत नाही हे लक्षात ठेवा, सुईका चालतं.

ओफुनाला उतरताना टेकडीवर पांढरी कान्नोन दिसते, 25 मीटरची, फक्त छातीपर्यंतची. 1929 मध्ये काम सुरू झालं, मधे पैसे आणि युद्ध यांमुळे रखडलं, 1960 मध्ये पूर्ण झालं. सरकारी पूल फक्त आपल्याकडेच रखडतात असं नाही. स्टेशनात जेआरची घोषणा चालू होती, पावसामुळे गाडी सहा मिनिटं उशिरा, आणि त्याबद्दल माफी मागणं चालू होतं, पुन्हा पुन्हा. दादरला उभं राहिलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं ते सांगायला नकोच.

तेवढ्या वेळात ओफुनाकेनच्या स्टॉलवरून सँडविच घेतलं. 1899 पासून हे लोक स्टेशनवर सँडविच विकतात, जपानातलं पहिलं रेल्वे सँडविच हेच. आणि पाय इतके दुखत होते की ग्रीन कार म्हणजे ट्रेनचा वरचा वर्ग घेतला, दुमजली डबा असतो, प्लॅटफॉर्मच्या मशीनवर सुईकाने आधीच घेतलं तर टोकियोपर्यंत तेव्हा 750 येन जास्तीचे, आत चढून घेतलं तर महाग पडतं. वरच्या मजल्यावर खिडकी मिळाली. सीटच्या वर छताला छोटा दिवा असतो, लाल. त्याच्यावर कार्ड टेकवायचं की तो हिरवा होतो, मग तिकीट तपासणारी मुलगी त्या सीटला विचारतही नाही, नुसती वर दिवे बघत जाते. हात पोचेना म्हणून टाचा उंचावून टेकवलं, शेजारच्या गृहस्थांनी पेपरातून डोकं काढून टाळी वाजवल्याची खूण केली.

सँडविच हॅम आणि चीजचं, साधं, पाव मऊ, लोणी जास्त. योकोहामा येईपर्यंत संपलं. मग बूट काढून बघितले, आतून पूर्ण भिजलेले, आणि सकाळी त्याच बुटांत विमानतळ. हॉटेलात रिसेप्शनवर जुने पेपर मागितले, त्याला कारण सांगावं लागलं नाही, टेबलाखालून गठ्ठाच काढून दिला, जून महिना होता. रात्री दोनदा उठून ओले कागद काढून कोरडे कोंबले. सकाळपर्यंत डावा सुकला, उजवा मुंबईला उतरल्यावर.